पुरणपोळ्या खाणारा वाघ

राजा रणधवलाने आपल्या वाघाच्या शिकारीवर लेख लिहिला आणि चंदनगडावरच्या शहाण्या माणसांचे दिवस फिरले. लेख केवढा म्हणाल, तर त्याची गुंडाळी उलगडली की दरबाराच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायची आणि उरलेली दाराबाहेर लोळायची! त्याने दवंडी पिटवली: तळाला भोक असलेलं घटिकापात्र पाण्यावर सोडायचं. ते बुडायच्या आत लेख वाचायचा, प्रधान विचारील त्याची उत्तरं द्यायची आणि प्रत्येक उत्तराच्या ओळीवर बोट ठेवून दाखवायचं. जमलं तर मागाल ते बक्षीस. नाही जमलं तर हत्तीखान्यात शेण उचलायचं, दुसरा कुणी जिंकेपर्यंत.

दुसरा कोण जिंकतोय! बघता बघता हत्तीखान्यात हत्ती कमी आणि पंडित जास्त झाले.

मग एके दिवशी राजाच्या डोक्यात आलं, की फुकटात राबायला एवढी विद्वान मंडळी असताना पगारी माणूस कशाला पोसायचा? त्याने धोंडजी माहुताला नारळ दिला. ज्या हत्तिणीला धोंडजीने पोटच्या पोरीसारखं वाढवलं होतं, तिच्या पाठीवर आता एक ज्योतिषी बसून घाबरत होता. धोंडजी घरी आला तो भिंतीकडे तोंड करून बसला. जेवायलाही उठेना.

त्याची लेक साळू मात्र संतापली. "बाबा, मी जाते दरबारात."

"अगं, तिथं मोठमोठे शास्त्री पालथे पडले. तू कोण लागून गेलीस?"

"ते पालथे कसे पडले ते मी रोज ऐकतेय ना!"

ते खरंच होतं. हत्तीखान्यात अडकलेल्या एका शास्त्रीबुवांनीच तिला अक्षरओळख करून दिली होती आणि त्या बदल्यात ती त्यांच्या वाटचं शेण उचलायची. उचलता उचलता रडगाणी ऐकायची. शास्त्रीबुवांनी म्हणे पहिल्या ओळीपासून एकेक शब्द चघळत वाचलं. महाराजांच्या मिशांच्या वर्णनापर्यंत पोचले आणि पात्र बुडालं! दुसऱ्या एका पंडिताला विचारलं, वाघाने काय खाल्लं? त्याने ठणकावून सांगितलं, "मांस." बोट ठेवायला गेला, तर तशी ओळच नाही. "वाघ दुसरं काय खाणार हो?" असं तो बिचारा अजून हत्तींना विचारत होता.

दुसऱ्या दिवशी साळू दरबारात उभी राहिली. सिंहासनामागे वाघाचं भलंमोठं कातडं टांगलेलं होतं. राजाने मिशीवर बोट फिरवलं.

"काय पाहिजे?"

"जिंकले तर बाबांची नोकरी परत पाहिजे, महाराज."

"आणि हरलीस तर?"

"शेण तर मी आजही उचलते."

राजाने पात्र सोडायची खूण केली, तशी साळू म्हणाली, "थांबा. आधी प्रश्न सांगा."

प्रधान त्र्यंबकपंत उसळले. "आधी वाचन, मग प्रश्न. अशीच रीत आहे!"

"असेल. दवंडीत नव्हती. पंत, तुमच्या घरच्या बाई बाजारात निघाल्या की काय आणायचं ते घरूनच ठरवतात ना? का सगळा बाजार उचलून आणतात आणि मग बघत बसतात?"

पंतांच्या घरी खरंच सगळा बाजार उचलून येतो, हे सगळ्यांना माहीत होतं. दरबारी खाली बघून हसू दाबू लागले. राजा म्हणाला, "सांगा हो प्रश्न. बघू तरी काय करते."

प्रश्न सांगून झाले, पात्र पाण्यावर सोडलं आणि साळू जमिनीवर उलगडलेल्या लेखाच्या कडेने अनवाणी चालू लागली. सूर्योदय आला, तिने ओलांडला. घोड्याची वंशावळ आली, ओलांडली. महाराजांच्या मिशा आल्या, त्याही ओलांडल्या. राजाचा चेहरा पडला. पण कुठे शिदोरी दिसली, मचाण दिसलं, की ती खाली बसायची आणि मागच्यापुढच्या ओळी नीट वाचायची.

"मुक्काम कुठे पडला?"

"ओढ्याकाठी. ही ओळ."

"वाघाने काय खाल्लं?"

"महाराजांच्या शिदोरीतल्या पुरणपोळ्या. ही ओळ."

दाराशी जमलेल्या पंडितांपैकी एकाने कपाळ बडवून घेतलं.

आता शेवटचा प्रश्न. तिथवर आजपर्यंत कुणी पोचलंच नव्हतं. राजा सरसावून बसला.

"वाघ कुणी मारला?" पंतांनी विचारलं.

"कुणीच नाही," साळू म्हणाली.

साळूने बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "'मचाणाखाली वाघ डरकाळला. आम्ही डोळे मिटून कुलदैवताचे स्मरण केले. डोळे उघडले, तो वाघ तेथे नव्हता.' याच्यापुढं एकदम महाराजांची मिरवणूकच निघते."

"आणि हे कातडं?" राजा गरजला. "हे काय तुझ्या बापाने टांगलं?"

"कातडं भिंतीवर आहे, महाराज. बोट लेखावर ठेवायचं ठरलंय."

राजा तरातरा खाली उतरला आणि गुडघ्यांवर रांगत स्वतःच ओळ शोधू लागला. मुकुट कानावर आला, पण ओळ काही सापडेना. मिशांपायी वाघ मारायचा राहूनच गेला होता! तेवढ्यात पात्र बुडालं.

राजा उठला. हात तलवारीवर. "म्हणजे आम्ही भित्रे, असं म्हणायचंय तुला?"

दाराशी येऊन उभा राहिलेला धोंडजी घाबरून पुढे सरसावला. साळूलाही भीती वाटली, पण जीभ अडखळली नाही. "मी कसं म्हणेन, महाराज? तसंही कुठं लिहिलेलं नाही."

राजाने तलवारीवरचा हात काढला. तो तिच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "खरं सांग. तुला स्वतःला काय वाटतं?"

"तो प्रश्न लेखावरचा नाही, महाराज," साळूही तितक्याच हळू आवाजात म्हणाली. "आणि पात्रही बुडालंय."

राजा असा हसला, की मुकुट घरंगळत पार मिशांच्या वर्णनावर जाऊन पडला. त्याने साळूच्या हातात सोन्याचं कडं घातलं, पंडितांना घरी धाडलं आणि धोंडजीचा पगार दुप्पट केला. धोंडजी आभार मानायलाही थांबला नाही. तो धावतच हत्तीखान्याकडे सुटला.