बधिर पाय

एकदा एक वृद्ध वस्ताद आपल्या शिष्याला घेऊन परगावी मल्लखांबाच्या स्पर्धेला गेले. शिष्याचे नाव विश्राम. सहा वर्षांच्या साधनेनंतर तो खांबाच्या टोकावरील लहानशा बोंडावर एका पायाने निश्चल उभा राहू लागला होता. त्या दिवशी अंतिम फेरी होती, आणि सकाळच्या सरावातच त्याच्या उजव्या पोटरीत कळ आली.

कुणीतरी बर्फ आणून दिला. विश्रामने तो फडक्यात गुंडाळून वीस मिनिटे पोटरीवर आणि घोट्यावर दाबून धरला. कळ शमली. तो उत्साहाने उठला.

"वस्ताद, पाय मोकळा झाला. आता काहीच जाणवत नाही. माझं नाव पुकारतायत, निघू?"

"काहीच जाणवत नाही?" वस्तादांनी विचारले.

"नाही."

"मग इथेच, मातीवर, त्याच पायावर उभा राहा. डोळे मीट."

विश्रामला हे विचित्र वाटले. खांबाच्या टोकावर तोल सांभाळणाऱ्याची जमिनीवर काय परीक्षा? तरी त्याने डोळे मिटले. चार श्वास होतात न होतात तोच तो कलला आणि वस्तादांच्या हातांत आला. घोटा केव्हा वळला, हे त्याला समजलेच नव्हते.

वस्ताद पंचांकडे गेले आणि त्यांनी शिष्याचे नाव मागे घेतले.

"सहा वर्षं, वस्ताद," विश्राम एवढेच म्हणाला.

वस्ताद त्याच्याजवळ बसले. "तळवा, घोटा, पोटरी आपल्याला क्षणोक्षणी सांगत असतात, इकडे झुकलास, तिकडे सावर. बर्फानं वेदना गप्प केली, तिच्याबरोबर हे सांगणंही मंदावलं. थंडी ओसरली की पाय पुन्हा बोलेल. तोवर त्याला विसावा द्यायचा, वर चढवायचं नाही." मग ते म्हणाले, "एका मुलाला मी असंच खांबावर चढवलं होतं. बरं वाटतंय म्हणाला, मी पुढे काही विचारलं नाही. तो आजही काठी टेकत चालतो. दर दिवाळीला भेटायला येतो, त्या दिवसाबद्दल मात्र चकार शब्द काढत नाही."

इतरांचे खेळ दोघांनी शेजारी बसून पाहिले. पाऊण तासाने पोटरीत पुन्हा कळ उठली.

"दुखायला लागलं," तो हळूच म्हणाला.

वस्तादांनी त्याचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. गुरूच्या मांडीवर पाय, म्हणून तो संकोचाने मागे घेऊ लागला. वस्तादांनी सोडला नाही.

"कुठे दुखतं, नीट सांग."

विश्रामने जागा दाखवली. मग खाली मान घालून, स्पर्धा हुकेल या भीतीने महिनाभर लपवलेले दुखणेही सांगितले.