कुड्याचं रोप

“सगळीच उपटलीस?”

“सगळी, अप्पा. परदेशी म्हणून एक काडी ठेवली नाही.”

उमाकांत ऐटीत बोलला. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारा माणूस. घरामागच्या परसात फक्त इथलीच झाडं वाढवायची, असं त्यानं मनावर घेतलं होतं. निर्गुडी लावली, धायटी लावली. धायटीच्या लाल फुलांवर आता चिमुकले शिंजीर पक्षी येत, आणि त्याचं त्याला खरोखर सुख वाटे. आज तो कराडहून डोंगरावरच्या मठात राहणाऱ्या अप्पांकडे कुड्याचं रोप मागायला आला होता.

“चांगलं केलंस,” अप्पा म्हणाले. खुरपं घेऊन ते रोपाशी बसले आणि भोवतीची माती मोकळी करू लागले.

“काढलंस काय काय?”

“घाणेरी, बोगनवेल… सदाफुली.”

“सदाफुली कुणाची?”

“मादागास्करची. पार समुद्रापलीकडची.”

“लावली कुणी होती, म्हणतो मी.”

उमाकांत जरा अडखळला. “आईनं. रोज देवाला वाहायची.”

खुरपं थांबलं.

“काय म्हणाली?”

“काहीच नाही.”

त्याला ती सकाळ आठवली. आई रिकामी परडी घेऊन परसात उभी होती. मग तशीच आत गेली. तेव्हापासून ती परसाकडे फिरकली नव्हती.

“मी समजावलं तिला, अप्पा. जे इथलं नाही, त्याचा इथल्या मातीला काय उपयोग?”

अप्पांनी रोप अलगद उचललं. मुळांभोवती माती थापली. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यात ते गुंडाळलं.

“आई मूळची कुठली रे तुझी?”

“गदगची, कर्नाटकातली.”

“मराठी यायचं?”

“छे, एक अक्षर नाही. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आली… सगळं इथंच शिकली.”

खाली ओढ्याकडे कुणाची तरी गाय हंबरली…

उमाकांतनं हात पुढे केले. अप्पांनी रोप त्याच्या ओंजळीत ठेवलं, पण वरचा आपला हात काढला नाही.

“हे आईच्या हातानं लावायचं.”

“पण अप्पा…” तो चाचरला. “तिला देशी झाडांतलं काय कळतं?”

“रुजायचं कळतं.”