तान्हाईची भिंत

आंबेतळीच्या पाटलांची विटांची माडी सरकारने जपून ठेवली आहे. जोतं घडीव दगडाचं, वर भाजक्या विटांच्या दोन हात रुंद भिंती. फक्त दरवाजावरची, माडीची उत्तर भिंत कमरेइतकीच. पाहुणे विचारतात, पडली का? गावचे भिवाआप्पा सांगतात, "पडली नाही. काढली."

असे सांगतात, माडी बांधली म्हाळोजी गवंड्याने. त्याची बायको तान्हाई चिखल कालवायची, विटा वर चढवायची. ही भिंत शेवटची; ती पुरी झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशीची गोष्ट, छप्पर अजून चढायचं होतं. त्या दुपारी गावचे गडी बाजाराला गेले होते, आणि पेंढारी आले.

बायकापोरं माडीत धावली. शेवटची म्हातारी आत शिरेपर्यंत म्हाळोजी दाराशी पहार घेऊन लढला. मग बाहेरूनच ओरडला, "अडसर घाला." त्याने दोघांची डोकी फोडली म्हणे. तिसऱ्याचा भाला त्याच्या मांडीत घुसला.

त्याला दारापुढे गुडघ्यावर बसवून म्होरक्या म्हणाला, "दार उघडा, नाहीतर याचे तुकडे करतो." तान्हाई वर माडीत, बांधकामाच्या परांचीवर उभी राहून भिंतीवरून बघत होती. तलवार फिरली. नवऱ्याचा उजवा हात मनगटातून तुटून पायरीवर पडला. खाली पाटलीणबाईंचा हात अडसराकडे गेला.

म्हाळोजीने मान वर केली. म्हणाला, "ताने, भिंत ओली आहे."

तिला कळलं. सगळे पेंढारी त्या भिंतीखालीच दाटले होते. तोही त्यांच्यातच होता. तिने वरच्या थरात बोटं घातली. चिखल सुटला, वीट हाती आली. क्षणभर तिने ती छातीशी धरली, मग खाली सोडली. मागून बाकीच्या बायका भिडल्या. कवट्या फुटल्या, घोडी माणसं तुडवत उधळली. उरलेले पळाले. दारात अकरा प्रेतं पडली. बारावा म्हाळोजी, विटांखाली.

पुढे पाटील म्हणाले, "तान्हाई, दुसरा गवंडी आणून भिंत पुरी करतो."

ती म्हणाली, "त्यांनी बांधली, मी काढली. आता तिसऱ्याचा हात नको."

आजही तिथे कोणी हात लावत नाही. दुरुस्तीला आलेले सरकारी गवंडीसुद्धा खालूनच नमस्कार करून गेले. आणि आंबेतळीत घर कुणाचंही असो, शेवटची वीट गवंडी बसवत नाही. घरधनीण बसवते, आणि हात धुण्याआधी म्हाळोजीच्या नावाने उंबऱ्यावर पाणी ओतते.