हाड नावाचा कुत्रा

"…पण आई, एखादा शब्द विसरता येतो का?"

येसूआई भाकरी थापत होत्या. परातीवरचा हात थांबला नाही.

"कुठला शब्द?"

तोच तर ऋजुताच्यानं उच्चारवत नव्हता.

टेकडीवरच्या त्या लहानशा मठात येसूआई एकट्याच राहत. पंचाहत्तरी उलटलेली, भगवं लुगडं धुऊन धुऊन विटकरी झालेलं, तोंडात मोजके दात आणि त्याहून मोजके शब्द. ऋजुता परदेशात गुराढोरांचं, कुत्र्यामांजरांचं वैद्यक शिकली आणि दीड वर्षापूर्वी खालच्या गावात परतली. भटक्या कुत्र्यांसाठी आसरा काढायचा, गावाला दया शिकवायची, असं तिच्या मनात होतं. दर रविवारी ती टेकडी चढून येई. पुष्कळ बोले, थोडं ऐके.

आज रविवार नव्हता. तिच्या पाठीवर मोठी पिशवी होती. चारच्या एसटीनं शहर गाठायचं, आणि तिथून पुन्हा परदेश. या खेपेला कायमचं.

तिनं पिशवी खांबाला टेकवली आणि चुलीसमोर बसली.

"लांब गेलं की विसरेन," ती म्हणाली. "तिकडे तो शब्दच नाही."

"इकडे फार आहे का?"

"इकडे दिवसभर तोच आहे, आई! सकाळी दूधवाला ओरडतो. दुपारी वाळवणाशी बसलेल्या बायका ओरडतात. संध्याकाळी देवळाच्या पायरीवरचे म्हातारे. जो तो माझ्या कुत्र्याला हाक मारतो… आणि प्रत्येक वेळी मला वाटतं, आता तो येईल. कोपऱ्यावरून, तो काळा कान उडवत. मी उठून उभी राहते. वाट बघते. भर रस्त्यात वेड्यासारखी."

आईंनी भाकरी तव्यावर टाकली. वरून पाण्याचा हात फिरवला.

त्या कुत्र्याची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. रस्त्याच्या कामावर सांडलेल्या डांबरात अडकलेलं पिल्लू. ऋजुतानं ते सोडवून घरी आणलं आणि तीन दिवस गोडेतेलानं चोळून त्याचा एकेक केस मोकळा केला. डावा कान मात्र शेवटपर्यंत काळा राहिला. मग नाव ठेवायची वेळ आली. मैत्र म्हणून झालं, आनंद म्हणून झालं, बोधी म्हणूनही झालं. पिल्लू ढिम्म.

एके दिवशी फाट्यावरचा चहावाला हिराजी त्याच्यावर खेकसला, "हाड!"

आणि पिल्लू शेपटी हलवत धावलं ते थेट त्याच्या पायाशी जाऊन बसलं.

जन्मल्यापासून जो भेटेल तो त्याला हेच म्हणत आला होता. बिचाऱ्यानं तेच आपलं नाव धरलं.

गाव पोट धरून हसलं. ऋजुता हसली नाही. ती तडक टेकडी चढून आली होती. डोळे चमकत होते.

"आई, मी त्याचं नाव तेच ठेवणार! रोज इतक्या मायेनं हाक मारीन, इतक्या मायेनं, की त्या शब्दातला दगड निघून जाईल."

तेव्हा येसूआई एवढंच म्हणाल्या होत्या, "हाड? कुत्र्याला खाण्याचंच नाव ठेवलंस की गं."

पुढं वर्षभर दर रविवारी तोही तिच्याबरोबर येई. आई पहिल्या भाकरीचा चतकोर मोडून अंगणात टाकत. तो लगेच खात नसे. चाफ्याखाली नेऊन ठेवी, दोन्ही पंजांत धरी आणि आईंकडे एकदा बघून मगच तोंड लावी. जणू परवानगी मागून. सव्वा वर्षाचा होता, तेवढ्यात गेला. त्याला आता चाळीस दिवस झाले होते.

"तुम्हाला सगळं सांगितलं नव्हतं मी," ऋजुता म्हणाली.

"आता सांग."

"तो रस्त्यापलीकडे होता. दुधाचा टँकर येत होता. हिराजीमामा इकडच्या बाजूनं ओरडले… मागं व्हावा म्हणून. तोच शब्द. जीव तोडून ओरडले हो…"

चुलीत एक लाकूड तडकलं.

"तो मागं झाला नाही. मामांकडे धावला. शेपटी हलवत."

…

"हिराजीमामा अजून माझ्याकडे मान वर करून बघत नाहीत. चहा देतात नि तोंड फिरवतात. चूक त्यांची नाही. त्या शब्दाला भ्यायला हवं होतं त्यानं. दुसरं कुठलंही कुत्रं मागं पळालं असतं, वाचलं असतं. मी त्याची भीती काढून टाकली." तिनं मान वर केली. "माझ्यामुळे मेला ना, आई?"

"हो."

ऋजुता म्हणाली, "तुम्ही 'नाही' म्हणाल असं वाटलं होतं."

"'नाही' म्हणायला खाली सगळं गाव आहे. त्याच्यासाठी टेकडी कशाला चढायची?"

तिला रडता रडता हसू फुटलं आणि मग ते हसूही आवरेना, रडूही आवरेना. आई भाकरी निखाऱ्यावर उभी करून शेकत राहिल्या. भाकरी टम्म फुगली.

"त्या शब्दातला दगड काढणार होते मी," ऋजुता ओढणीनं नाक पुसत म्हणाली. "केवढ्या तोऱ्यात सांगितलं होतं तुम्हाला."

"काढलास की. एका जिवापुरता."

"आणि तोच जीव गेला."

आईंनी दुसरी भाकरी तव्यावर टाकली.

वारा सुटला. अंगणात चाफ्याचं एक फूल पडलं. ऋजुतानं झटकन तिकडे पाहिलं, मग नजर खाली घातली.

"आसऱ्याची शेड रिकामी आहे," ती हलकेच म्हणाली. "पत्रे घातले, पाण्याची टाकी बसवली. त्याच्यानंतर एकही कुत्रं आणलं नाही मी. आणायचं म्हणजे हाक मारायची, आणि…" तिनं वाक्य सोडून दिलं. "मला कुणाचंही भलं करायचं नाही आता, आई. मला फक्त तो हवाय."

"हं."

"जाते मी."

'येते' असं न म्हणता ती 'जाते' म्हणाली. आईंना ते ऐकू गेलं. त्यांनी टोकलं नाही.

"चार घास खाऊन जा."

त्यांनी पहिली भाकरी उचलली, चतकोर मोडला आणि अंगणाकडे हात लांबवला. मग तो हात तसाच अधांतरी राहिला.

"आई…" ऋजुता म्हणाली. "तो नाही आता."

येसूआईंनी हातातल्या तुकड्याकडे पाहिलं.

"मला ठाऊक आहे गं. हाताला अजून सांगितलेलं नाही."

"रोज मोडता?"

"रोज. कावळे नेतात."

दोघी चुलीपाशी बसून राहिल्या. तव्यावरची दुसरी भाकरी करपायला लागली, तरी कुणी उठलं नाही…

तेवढ्यात टेकडीखालच्या घरांतून एका बाईचा आवाज वर आला. पापड वाळत घातलेले असावेत.

"हाड! हाड, मेल्या! हाड!"

पाठोपाठ दगड पत्र्यावर आपटल्याचा आवाज. मग एका कुत्र्याचं केकाटणं. बारीक, कोवळं.

ऋजुता उभी राहिली होती.

कधी उठली, तिचं तिला कळलं नाही. मान उताराकडे वळलेली, एक पाय उंबऱ्याबाहेर. मग भानावर आली. ओशाळली. परत बसायला वाकली.

"सवय लागली आहे, आई. तो शब्द ऐकला की उठायची."

येसूआईंनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"कुणाची?"

"माझी…" ती म्हणाली. "नाही… त्याची."

केकाटणं पुन्हा ऐकू आलं.

ऋजुता पुन्हा सरळ झाली. ती उंबऱ्याशी तशीच उभी राहिली, अर्धी आत, अर्धी बाहेर. मग अंगणात उतरली. चाफ्यापाशी जराशी रेंगाळली, बुंध्याला हात लावला आणि झपाझप पायऱ्या उतरू लागली. पिशवी खांबाला टेकलेलीच राहिली.

पाचव्या पायरीवरून तिनं मागं वळून पाहिलं.

"येते, आई!"

येसूआई चुलीपासून उठून दारात आल्या होत्या. हात अजून पुढंच होता.

"ये. पण हा चतकोर ने आधी. गार होतोय."