दोन भरलेले कप

एकदा काय झाले, केबलच्या तारा जोडण्यात चाळीस वर्षे घालवलेल्या एका वृद्ध कारागिराला त्याच्या शिष्येने घाईघाईने एका घरी बोलावून घेतले. कारागिराला सारे गाव भिकाजीकाका म्हणे. शिष्येचे नाव रेवती. हात चपळ, डोके तल्लख, आणि हाती घेतलेले काम अर्धवट टाकून उठणे तिला ठाऊकच नव्हते. असे शिष्य गुरूला फार आवडतात आणि त्यांचाच त्याला सर्वाधिक घोर लागतो.

घर होते शलाका नावाच्या मुलीचे. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांवर सहा वर्षे खपून तिने प्रबंध लिहिला होता आणि त्या दिवशी सकाळी अकरा वाजता त्याची तोंडी परीक्षा होती. परीक्षक दूरदूरच्या विद्यापीठांतले. ते संगणकाच्या पडद्यावरूनच प्रश्न विचारणार होते. ही वेळ हुकली तर पदवी लांबणार आणि पदवीच्या भरवशावर कबूल झालेली नोकरीही जाणार. आणि नेमका आदल्या दिवशी विजेच्या झटक्याने घरातला राउटर जळाला. रेवतीने सकाळी नवा आणून, बाहेरची केबल ज्यात येते त्या मोडेमला जोडला, पण इंटरनेट काही येईना. डोंगरउतारावरच्या त्या वस्तीत मोबाईलवर बोलणे कसेबसे व्हायचे; चित्र दिसण्याचे नाव नको.

काका पोहोचले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. रेवती घामाघूम झाली होती.

"काका, सगळं करून पाहिलं. वायर बदलली, राउटर रीसेट केला, मोडेम तर वीस वेळा बंद-चालू केला. मी हटणार नाही, पण हे मेलं दाद देत नाही!"

काकांनी मोडेम आणि राउटर दोन्ही बंद केले. मग शलाकाच्या आईला म्हणाले, "वहिनी, दोन कप चहा आणा. काठोकाठ भरून."

"अहो काका, पोरीचं सगळं टांगणीला लागलंय आणि तुम्हाला चहा सुचतोय?" आई चिडलीच. तिचे काय चुकले? आपणही चिडलो असतो. पण तिने चहा केला.

काकांनी एकही कप तोंडाला लावला नाही. एक रेवतीच्या उजव्या हातात दिला, दुसरा डाव्यात. "धर. थेंब सांडायचा नाही." मग त्यांनी एकटा मोडेम चालू केला आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

दिवे लुकलुकू लागले. एक मिनिट गेले, दीड गेले.

"काका, परत अडकलंय. बंद करून लावूया ना!"

"कप सांभाळ."

दोन मिनिटे झाली. एक दिवा अजून मिचमिचतच होता. दारात शलाका कागद छातीशी धरून उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हते. चौथे मिनिट सरता सरता तो दिवा स्थिर झाला. तेव्हा कुठे काकांनी राउटर चालू केला आणि पुन्हा स्वस्थ उभे राहिले. अकराला सात मिनिटे कमी असताना इंटरनेट आले.

"पण काका, मीही हेच तर केलं होतं!" रेवती जवळजवळ रडकुंडीला आली.

"केलंस, पण एकदा तरी शेवटपर्यंत केलंस का?" काकांनी तिच्या हातातले कप काढून घेतले. "हा मोडेम जुन्या राउटरला ओळखत होता. नव्याला ओळखायला त्याला आधी नीट बंद व्हावं लागतं, मग उठून केंद्राशी बोलणं लावायला तीन-चार मिनिटं लागतात. तू दीड मिनिटात बटण दाबायचीस. वीस वेळा तो निघाला आणि वीस वेळा तू त्याला अर्ध्या वाटेवरून परत बोलावलंस. पोरी, तुझी जिद्द खरी आहे, पण ती सगळी बोटांत आहे. आपलं काम झाल्यावर हात मागे घ्यायला जास्त जिद्द लागते. तुझे हात ऐकणारे नव्हते, म्हणून त्यांना गुंतवलं."

रेवतीने मोकळे झालेले हात पाठीमागे बांधले.

अकरा वाजता पडद्यावर तीन चेहरे उमटले. त्यांतल्या एका वृद्ध परीक्षकाने पहिलाच प्रश्न टाकला, "तुमच्या प्रबंधातला सर्वांत कच्चा दुवा कोणता, असे तुम्हाला वाटते?"

शलाका गप्प झाली. पाच सेकंद गेले, दहा गेले. दाराआड उभ्या आईला हा प्रबंध ऐकून ऐकून पाठ झाला होता. तिला राहवेना. "अगं, ते पाचवं प्रकरण..." असे पुटपुटत ती आत पाऊल टाकणार, तोच रेवतीने तिचे मनगट धरले.

"काकू, थांबा," ती हळूच म्हणाली. "ती निघालीय. पोचू द्या तिला."

दोघी दाराआडच उभ्या राहिल्या. शलाकाने मान वर केली आणि शांत आवाजात बोलायला सुरुवात केली.