येसोबाचा पूल

एका राज्यात, शके सतराशे बारा, माघ मासी, शिशिर ऋतूत, राजा अरिमर्दनाने आज्ञा केली की, नदीवरचा दगडी पूल पाडावा.

तीन कमानींचा तो पूल स्पेनहून गलबते घेऊन आलेल्या परकी सत्ताधीशांनी तेथील पाथरवटांकडून वेठीने बांधून घेतला होता. राज्य सोडताना त्यांच्या सुभेदाराने शाप दिला की, जो एतद्देशीय या पुलावर पाऊल ठेवील, तो शिळा होईल. मुख्य पाथरवट येसोबा तरीही चालून गेला आणि मध्यावर शिळा होऊन उभा राहिला. पूल पडता तर तोही नदीत जाता.

त्याची कन्या वेणा दरबारात आली.

"महाराज, पूल पाडू देणार नाही."

"तो परक्यांचा आहे, मुली."

"परक्यांचा केवळ हुकूम होता. दगड आमच्या डोंगराचा, चुना आमच्या भट्टीचा आणि वळ आमच्या बापांच्या पाठीवरचे."

राजाचा मांत्रिक धूम्रनाथ हसला. "मग शाप मोड. छिन्नीने मोडतेस की जिभेने?"

"जिभेचे काम आपण पाहताच आहात, नाथबाबा. मी छिन्नीचे पाहीन."

राजाने फाल्गुनअखेरची मुदत दिली.

पुलाच्या कठड्यावर एक साळुंकी राहत असे. ती वेणाला मनुष्यवाणीने म्हणाली, "कमानीखालचा लाकडी आधार काढताना बांधणाऱ्याने खाली उभे राहावे, ही तुमची रीत. सुभेदाराने येसोबाला बेड्या घालून दूर बसवले आणि आधार शिपायांकरवी काढला. म्हणून कमानी अजून हुकूम देणाऱ्याच्याच आहेत. तिन्हींना पुन्हा आधार द्या. तो येसोबाच्या रक्ताच्या माणसाने खाली उभे राहून काढावा."

पाथरवटांनी नावांतून सागाचे वासे आणून आधार उभारले. वेणाने कमानीखाली उभे राहून घण उचलला.

पहिला आधार पडला, तेव्हा दगड परक्या भाषेत गरजले. ती हलली नाही. दुसरा पडला, तेव्हा पाणी हनुवटीपर्यंत चढले. ती हलली नाही. तिसरा पडताच कमान तोलून धरणारा मधला कळीचा दगड वीतभर खाली घसरला.

"पळ, वेडे," काठावरून धूम्रनाथ म्हणाला.

"आपण पळावे. कमान आमची आहे."

दगड वर सरकला आणि आपल्या जागी बसला. माथ्यावर पावले वाजली.

"खाली कोण आहे?"

"मी, आबा."

"आधार निघाला का?"

"निघाला."

"मग वर ये. उभी काय राहिलीस?"

फाल्गुन वद्य दशमीस राजाने आज्ञा मागे घेतली. परंतु तसे फर्मान वाचून होण्यापूर्वीच पाथरवटांची सर्व कुटुंबे, लेकुरवाळ्यांसह, पुलावरून पलीकडे गेली होती. आणि त्यांपैकी एकानेही परवानगी विचारली नव्हती.