पट्ट्याची भोकं

'महिन्यात कंबर चार इंच कमी' ही जाहिरात वाचून चामड्याच्या पिशव्या शिवणाऱ्या गोदावरी खरटमल यांनी पोट उतरवणारा पट्टा मागवला. पोट होतं तिथंच राहिलं. त्यांनी ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. सुनावणीत कंपनीचे मालक ऐटीत म्हणाले, "पट्ट्यात खोट नाही. बाईंनीच पथ्य मोडलं असेल."

गोदाबाईंनी पट्टा अध्यक्षांपुढे ठेवला. "मी कंबर चाळीस इंच कळवली होती. सगळ्यात घट्ट भोक चाळिसावरच आहे, बाकीची चार त्याहून सैल." मग त्या मालकांकडे वळल्या. "साहेब, पथ्य मी मोडलं असेल. पण कंबर वाढणारच, हे तुमच्या कारागिराला आधीच कसं ठाऊक?"

जाहिरात बंद करण्याचा आदेश निघाला, तेव्हाही मालकांचे वकील भोकंच मोजत होते.